हात दिसतो

रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला आमच्या दारात परक्या पायताणांची रांग लागते. बूट जास्त, चपला कमी. एखादा शहाणा बूट हातात धरूनच आत येतो, कारण आमच्या बोळातून ते चोरीला जातील असं त्याला वाटतं. हे सगळे सोलापूर बघायला आलेले असतात, आणि सोलापुरात बघण्यासारखं जे काही आहे त्यात गेल्या दीड वर्षापासून माझे वडीलही धरले जातात.

ही करामत माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची. मी महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवत होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. ही मुलगी मागच्या बाकावर बसून सगळा तास खिडकीबाहेर बघायची. आता ती बाहेरगावच्या लोकांना आणि गावातल्याच हौशी मंडळींना शहर दाखवत फिरते. सकाळी सातला तलावाच्या काठावरून निघायचं, किल्ल्याच्या तटावरून पाण्यातलं देऊळ बघायचं, मग एका घरात उखळात शेंगाचटणी कुटायची, कडक भाकरीचा तुकडा मोडून दह्याबरोबर खायचा, आणि शेवटी पूर्व भागात येऊन आमच्या घरी हातमागावर बसायचं. तिच्या छापील कागदावर आमच्या घराला ‘विणकराच्या घरी एक तास’ असं नाव आहे. मी जन्मापासून या घरात आहे. लग्न केलं नाही, त्याची गोष्ट वेगळी, ती इथे सांगत नाही. साठ वर्षं होत आली, पण आपण ज्यात राहतो त्याला एक तास म्हणतात हे मला तिच्या कागदावरून कळलं.

ती पहिल्यांदा विचारायला आली तेव्हा आईला जाऊन वर्ष झालं होतं. वडील ऐंशी ओलांडलेले. दहा-बारा वर्षांपूर्वीच त्यांनी विणणं थांबवलं होतं, पण माग मोडला नव्हता. समोरच्या खोलीत तो तसाच होता, आणि त्यावर आम्ही गाद्या आणि दिवाळीचे डबे ठेवत होतो. वडील दिवसभर मागाशेजारच्या खुर्चीवर बसून शेजारच्या यंत्रमागाचा खडखडाट ऐकत बसायचे. आई गेल्यापासून त्यांचं बोलणं जेवणापुरतं उरलं होतं. मुलगी म्हणाली, “बाई, अप्पांची माग लई भारी हाय की. लोकांना दोन धागे टाकू दिले तरी बास.” मी नाही म्हणणार होते. वडील माझ्या आधी हो म्हणाले.

एवढंच नाही, ती जायच्या आत त्यांनी मागावरचे डबे उतरवायला घेतले. पुढच्या आठवड्यात जाड पांढऱ्या सुताचा एक लांबच लांब ताणा, म्हणजे उभे धागे, कुठून तरी मिळवला आणि चार दिवस खपून मागावर चढवला. मी मदतीला गेले तर म्हणाले, तू कांड्या भर. मी भरल्या. त्यात नवीन काही नव्हतं, मी पाच वर्षांची असल्यापासून कांड्याच भरत आले आहे.

माग ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या मागाला जमिनीत खड्डा असतो. विणणारा खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय खाली सोडतो आणि पायांनी पट्ट्या दाबतो. उजव्या हाताने दोरी ओढली की धोटा ताण्यातून इकडून तिकडे पळतो, आणि डाव्या हाताने फणी ठोकून त्याने सोडलेला धागा जागेवर बसवायचा. धोट्याच्या पोटात सुताची एक बारीक कांडी असते. ती चरख्यावर भरावी लागते आणि ती सारखी संपते. आमच्या घरात कांड्या भरणं बाईचं काम आणि मागावर बसणं पुरुषाचं. सगळ्या घरांत असं नव्हतं. बोळाच्या तोंडाशी एक म्हातारी राहायची, ती नवरा मेल्यावर पंधरा वर्षं मागावर बसली आणि कुणाचं काही बिघडलं नाही. पण आमच्याकडे असंच होतं. आई आणि मी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायचो, मधेच वडिलांनी हाक मारली की उठून कांड्या भरायचो, आणि पुन्हा सूप मांडीवर घ्यायचो.

मी अकरा वर्षांची असताना एकदा मागावर बसले. आई वळलेल्या बिड्या द्यायला कारखान्यात गेली होती, वडील सूत आणायला गेले होते. मागावर हिरवं इरकली लुगडं होतं. मी खड्ड्यात पाय सोडले, ते पट्ट्यांपर्यंत जेमतेम पोचले, आणि दोरी ओढली. मला कुणी शिकवलं नव्हतं. पण मी ज्या खोलीत झोपायची, जेवायची, अभ्यास करायची तिथेच तो माग चालत होता. त्याचा ठेका मला पाढ्यांच्या आधी पाठ होता. मी डोळे मिटले तरी पुढचा ठोका कधी पडणार हे कळायचं. मी दोन बोटं कापड विणलं. मला वाटतं, तेवढा आनंद मला त्यानंतर फार वेळा झाला नाही.

वडील दारात येऊन उभे राहिले ते मला कळलंच नाही. त्यांच्यामागे माझा मोठा भाऊ उभा होता. तो तेरा वर्षांचा, त्याच महिन्यात वडिलांनी त्याला मागावर बसवायला सुरुवात केली होती आणि त्याचे पाय रोज पट्ट्यांत अडकत होते. वडिलांनी मला मारलं नाही. ऊठ म्हणाले. मी उठले. ते बसले, कापडावर वाकले, बराच वेळ अंगठा फिरवत राहिले. मग धागा काढायला सुरुवात केली. एक, मग दुसरा, मग तिसरा. मी दोन बोटं विणलं होतं, त्यांनी वीतभर कापड काढलं. म्हणजे माझं तर काढलंच, पण त्याच्या आधीचं, त्यांनी स्वतः सकाळी विणलेलंही काढून टाकलं. मी बाजूला उभी राहून बघत होते. काढून झाल्यावर ते तेलुगूत दोनच शब्द बोलले. त्यांचं मराठी करायचं तर एवढंच होतं: हात दिसतो.

विणकराच्या घरात याहून वाईट बोलणं नाही. फणी ठोकण्याचा प्रत्येकाचा जोर वेगळा असतो. एकाने अर्धवट ठेवलेलं कापड दुसऱ्याने विणायला घेतलं तर तिथे पट्टा पडतो, कुठे घट्ट, कुठे विरळ. उजेडात धरलं की आंधळ्यालाही कळावं. म्हणून एकाच्या कापडाला दुसऱ्याने हात लावायचा नाही. वडिलांनी माझं दोन बोटं कापड काढलं ते मी समजू शकत होते. पण मी हात लावल्यामुळे त्यांना स्वतःचंही नकोसं झालं, हे माझ्या मनातून गेलं नाही. पुढे मी दोन-तीनदा विचारलं. सतराव्या वर्षी, मग नोकरी लागल्यावर एकदा. दर वेळी एकच उत्तर: “वद्दु.” म्हणजे नको. आमच्या घरात त्या शब्दापुढे बोलायचं नसतं.

भावाचा हात मात्र एका मैलावरून दिसायचा. त्याने विणलेल्या लुगड्याची किनार साप गेल्यासारखी असायची. त्याला माग मनापासून आवडत नव्हता आणि तो ते लपवतही नव्हता. तरी सात वर्षं वडिलांनी त्याला बसवलं, समजावलं, त्याचं बिघडलेलं सुधारलं, आणि एके दिवशी तो पुण्याला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेला तो गेलाच. तो गेल्यावर खड्ड्याची एक जागा रिकामी झाली. ती भरायला माझं नाव कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी बिड्या वळत बारावी झाले, डीएड झाले, आणि पुढची पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना वाक्यात उपयोग करायला शिकवत राहिले.

आता या दीड वर्षातल्या रविवारांबद्दल सांगते.

पहिल्या रविवारी अकरा जण आले. वडिलांनी दाढी केली होती, पांढरा सदरा घातला होता. ते प्रत्येकाला खड्ड्याच्या काठावर बसवत, पाय कुठे ठेवायचे ते दाखवत, दोरी हातात देत. धोटा अडकला की हसत. मी त्यांना मागाशी हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. ज्याला हात लावायची आम्हाला बंदी होती, त्यावर कुणीही येऊन ढुंगण टेकत होतं. एका माणसाने तर बसल्या बसल्या फोनवर कुणाला तरी दाखवलं, बघ, मी साडी विणतोय. सुताचा जाड ताणा होता तो, साडी कसली.

गंमत म्हणजे वडिलांना त्यांनी बोलतंही केलं. आमच्या घरात तेलुगू. वडिलांचं मराठी बाजारापुरतं, आणि तेही लिंगाचा घोळ घालणारं. माग त्यांना स्त्रीलिंगीच वाटतो, माझी माग म्हणतात. माझ्या विद्यार्थिनीलाही तोच घोळ, तीही याच भागातली. आणि ‘तुम्ही’ हा शब्द वडिलांच्या मराठीत नव्हताच. बँकेच्या साहेबाला तू, डॉक्टरला तू, आमच्या मुख्याध्यापिका घरी आल्या तर त्यांनाही तू. मी लाजेने अर्धी व्हायची. मी तीस वर्षं सांगून थकले की मराठीत मोठ्या माणसाला, परक्या माणसाला तुम्ही म्हणतात. ते माझ्याकडे असे बघायचे की जणू मी त्यांच्याकडे उसनं सूत मागतेय. आणि या मुलीने दोन रविवारांत त्यांना शिकवलं. या. बसा. पाय खाली सोडा. आता ओढा. शाब्बास. आणि शेवटी प्रत्येकाला, मग त्याने धागा तोडलेला का असेना: छान विणता तुम्ही.

एका पाहुण्याचं विणून झालं की वडील स्वतः बसून चार बोटं साधं विणायचे आणि मग पुढच्याला बसवायचे. दोघांचं एकमेकांत मिसळू नये म्हणून. विद्यार्थिनीला हे फार आवडलं. हा ताणा संपला की ते सगळं लांब कापड उतरवून भिंतीला लावायचं तिने ठरवलं. मला तिने एकदा विचारलं की मी लोकांना बिडी वळून दाखवेन का, लोकांना लई आवडंल. मी म्हणाले, ते दाखवायचं काम नव्हतं, करायचं होतं. तिने पुन्हा विषय काढला नाही. माझ्याकडे फक्त चहा आला. रविवारी पाहुणे बसले की मी आत चहा टाकायचा आणि ट्रे घेऊन बाहेर यायचं. पाहुणे माझे आभार मानायचे. काही जण मला घरकामाची बाई समजायचे. मी त्यांची चूक दुरुस्त करत बसले नाही.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी पुण्याहून एक बाई आली. बरोबर तिची आठ-नऊ वर्षांची मुलगी. मुलगी चुणचुणीत होती, आईच्या आधी खड्ड्यात उतरली. वडिलांनी तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवून दोरी ओढायला शिकवलं, मग हात काढून घेतला. तिने आठ-दहा धागे टाकले. बरे टाकले, खोटं का बोला. वडील तिच्या आईला म्हणाले, “पोरगीला शिकवा तुमी. हात चांगली हाय.”

मी ट्रे घेऊन दारात उभी होते. हात पुल्लिंगी आहे, चांगला म्हणायला हवं, हे माझ्या डोक्यात आधी आलं. सवय. मग बाकीचं आलं. मी ट्रे खाली ठेवला आणि आत गेले. आतल्या खोलीत आईची बिड्यांची सूपं अजून खुंटीला आहेत. मी त्यांच्यासमोर उभी राहून रडले. साठीला आलेली बाई, एका आठ वर्षांच्या पोरीचा मत्सर करून रडत होते. लाज वाटली, पण रडू थांबलं नाही.

त्या आठवड्यात मी वडिलांना सरळ विचारलं. म्हटलं, नायना, रविवारी सगळे बसतात, मला एकदा बसू द्या. ते जेवत होते. मान वर न करता म्हणाले, तुला कशाला आता, तू रिटायर झालीस, आराम कर. मी म्हटलं, आरामासाठी विचारत नाहीय. ते म्हणाले, “वद्दु.”

मग मी जे केलं ते माझ्या वयाला शोभणारं नव्हतं. मी माझ्या विद्यार्थिनीला फोन केला आणि पुढच्या रविवारसाठी माझं नाव लिहायला सांगितलं. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. बाई, तुमी तर त्याच घरात राहता, म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या कागदावर लिहिलंय, पाहुण्यांसाठी आणि सोलापूरकरांसाठीही. मी सोलापूरकर आहे. तिने नाव लिहून घेतलं.

त्या रविवारी पहाटे मी वडिलांना देवळात जाते असं सांगून घराबाहेर पडले. खोटं नव्हतं, देवळाच्या तलावाच्या काठावरूनच सुरुवात होती. तिथे आम्ही बारा जण जमलो. विद्यार्थिनीने सगळ्यांच्या गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या अडकवल्या, माझ्या चिठ्ठीवर फक्त ‘बाई’ लिहिलं. एका गृहस्थाने मला विचारलं, तुम्ही कुठून आलात? मी म्हटलं, पूर्व भागातून. तो म्हणाला, अच्छा, तिकडे कसं आहे? मी म्हटलं, तुम्हाला साडेदहाला कळेल. किल्ल्याच्या तटावर मी पस्तीस वर्षं सहलीच्या मुलांना घेऊन जात होते, त्या दिवशी कुणीतरी माझा हात धरून मला पायरी उतरवली. चटणीच्या घरात एका तरुण पोरीने मला मुसळ कसं धरायचं ते शिकवलं. मी शिकून घेतलं. पाहुण्याने पाहुण्यासारखंच वागायला हवं.

साडेदहाला आम्ही आमच्या बोळात शिरलो. मी माझ्या चपला त्या रांगेत काढल्या, रोजच्या जागेवर नाही. वडील सदरा घालून मागाशेजारी उभे होते. त्यांनी एकेकाला ‘या’ म्हणत नमस्कार केला आणि मधेच मी आले. गळ्यात चिठ्ठी. ते माझ्याकडे बघत राहिले. विद्यार्थिनी भेदरून माझ्याकडे आणि त्यांच्याकडे बघत होती. मला वाटलं आता सगळ्यांसमोर तो शब्द येणार. मी तयार होते.

ते म्हणाले, “या.”

आमच्या गटात हैदराबादचे दोन भाऊ होते, ते माझ्या आधी बसले. त्यांनी फणी अशी ठोकली की खिडकीचं तावदान हललं. त्यांच्यानंतर वडिलांनी आपली चार बोटं विणली, उठले, आणि माझ्याकडे वळले.

“बसा,” ते म्हणाले. “पाय खाली सोडा. पाय पोचते की नाही?”

माझे वडील जन्मात माझ्याशी मराठी बोलले नव्हते. मला ते नुव्वु म्हणायचे, म्हणजे तू. मी आयुष्यभर मुलांना सर्वनामं शिकवली, आदरार्थी बहुवचन फळ्यावर हजारदा लिहिलं. ते अंगावर आलं की काय होतं हे मला त्या दिवशी समजलं. माझ्या बापाने मला परक्या बाईसारखं काठावर बसवलं. मी पाय सोडले. ते पोचत होते, आता व्यवस्थित पोचत होते. मी दोरी ओढली.

एक-दोन धागे हात आखडला. मग ठेका सापडला. खरं म्हणजे सापडला असंही नाही, तो कुठे गेलाच नव्हता. खोलीत आधी गप्पा चालल्या होत्या, त्या थांबल्या. वडील इतरांना दहा धाग्यांवर थांबवतात. मला त्यांनी थांबवलं नाही. किती वेळ गेला माहीत नाही. ते म्हणाले, बास, तेव्हा कांडी संपली होती. त्यांनी कापडावर अंगठा फिरवला, डावीकडून उजवीकडे, एकदाच.

“छान विणता तुम्ही,” ते म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी फोटो काढला. मग सगळे चहाची वाट बघत बसले, आणि चहा येईना, कारण चहा टाकणारी खड्ड्यात बसलेली होती. थोड्या वेळाने वडिलांनी माझ्याकडे बघून तेलुगूत चहाचं विचारलं. मी गळ्यातली चिठ्ठी काढली आणि आत गेले.

त्यानंतर आम्ही दोघांनी त्या दिवसाचा विषय काढला नाही. ते पुन्हा नुव्वु म्हणू लागले, मी पुन्हा ट्रे नेऊ लागले. मला त्यांच्यावर आधीपेक्षा जास्त राग होता. आधी नुसतं नाही म्हटलं होतं, आता तर वरून छान म्हणाले होते. जे धागा तोडणाऱ्याला म्हणतात तेच मला म्हणाले होते.

या पावसाळ्यात तो लांब ताणा संपला. एका दुपारी विद्यार्थिनी आली आणि आम्ही तिघांनी ते कापड रुळावरून सोडवून समोरच्या खोलीत पसरलं. खोली पुरेना, अर्धं ओट्यावर गेलं. पट्ट्यांमागून पट्टे. विरळ, घट्ट, तिरके, कडा कुरतडल्यासारख्या. वडील गुडघ्यावर बसून पट्ट्यांवर बोट ठेवत गेले. हा तो फोनवाला. ही डॉक्टरीण, तिचा हात जड. ही पुण्याची पोरगी. त्यांच्या सगळे लक्षात होते. त्यांना चेहरे आठवत नव्हते, हात आठवत होते. मी मागे मागे सरकत होते आणि माझी वाट बघत होते. हैदराबादच्या भावांचे दोन पट्टे आले, इतके घट्ट की पुठ्ठा वाटावा. त्यांच्यापुढे वडिलांचं साधं कापड होतं, आणि त्यापुढे एकदम कुण्या दुसऱ्याच पाहुण्याचा पट्टा. मधे कुणीच नव्हतं.

मी पुन्हा पाहिलं. कापड उचलून खिडकीशी नेलं. माझा पट्टा नव्हता. माझं डोकं फिरलं. मी विद्यार्थिनीसमोरच म्हणाले, तेलुगूत, की नायना, तुम्ही माझं काढलंत. त्या वेळी काढलंत तसंच याही वेळी काढलंत. सगळ्या जगाचं ठेवलंत आणि माझं काढलंत.

ते म्हणाले, काढलं नाही.

त्यांनी कापड माझ्या हातातून घेतलं, जमिनीवर ठेवलं आणि भावांच्या पट्ट्यापुढच्या साध्या कापडावर दोन्ही हातांची बोटं टेकवली. मग पुन्हा उचलली, थोडी सरकवली, परत टेकवली. त्यांच्या चार बोटांच्या जागी ते साधं कापड सलग वीतभर होतं. त्यात माझं कुठे सुरू होतं आणि कुठे संपत होतं ते मला दिसेना. मी वर पाहिलं. त्यांनाही दिसत नव्हतं. ते अंदाजाने बोट ठेवत होते.

“हात दिसत नाही,” ते म्हणाले.

विद्यार्थिनीला तेलुगू कळत होतं. ती उठून ओट्यावर गेली.

मी विचारलं, “आणि तेव्हा? लुगड्यात?”

ते कापडाची घडी घालायला लागले, ती वाकडी झाली, परत उघडली. मग म्हणाले, “वीतभर का काढलं, तर कुठपर्यंत तुझं होतं ते कळलं नाही.”

मी विचारलं, मग काढलंत कशाला. ते म्हणाले, तुझा भाऊ दारात उभा होता.

एवढंच. मी त्या वीतभर कापडाची आठवण अठ्ठेचाळीस वर्षं जपली, माझ्या हाताने त्यांचं चांगलं कापडही बाटलं म्हणून. एका मुलाला मागावर बसवायचं होतं, ज्याला बसायचं नव्हतं. त्याच्यासमोर ते खरं बोलू शकत नव्हते. पण नंतर तो मुलगा निघून गेला. त्यानंतर घरात आम्ही तिघंच होतो, आणि दारात कुणीच उभं नव्हतं. याचं उत्तर मी त्यांच्याकडे मागितलं नाही. त्यांचं वय झालंय, लोक म्हणतात. माझंही झालंय.

कापड विद्यार्थिनी घेऊन गेली. वडिलांनी आठ दिवसांत नवा ताणा चढवला. कांड्या मीच भरल्या. रविवारी पाहुणे यायच्या आधी ते मागाशी उभे होते, सदरा घातलेला, दाढी केलेली. मी झाडून घेत होते. ते म्हणाले, पहिलं तू बस. नुव्वु म्हणाले, तेलुगूत, घरातल्या माणसाला म्हणतात तसं. काठावरची धूळ त्यांनी स्वतः हाताने पुसली.

मी त्यांच्या त्या पुसणाऱ्या हाताकडे पाहिलं. बसावंसं वाटत होतं. खूप वाटत होतं.

“वद्दु,” मी म्हणाले.

बाहेर बूट काढल्याचे आवाज यायला लागले, तेव्हा मी चहा टाकायला आत वळले. मागून त्यांचा आवाज आला, या, बसा, पाय खाली सोडा.